हुजूर पक्ष आणि हवामानाची परिभाषा

ब्रिटनमधील ‘कन्झर्वेटिव्ह’ पक्षाला मराठी वृत्तपत्रांनी एके काळी ‘हुजूर पक्ष’ असे नाव दिले. ‘मजूर पक्षा’शी यमक जुळल्यामुळे ते सुटसुटीत ठरले खरे, परंतु मूळ नावातील ‘जतन करणे’ हे क्रियापद त्यात लुप्त झाले. ‘पुराणमतवादी’ या दुसऱ्या पर्यायातही जतनाचा अर्थ उतरत नाही, केवळ जुन्याचा आग्रह उतरतो. हवामानबदलाच्या प्रश्नावर या पक्षाने सुमारे चार दशकांत जी वळणे घेतली ती समजून घेण्यास हे लुप्त क्रियापदच उपयोगी पडते. काय जतन करावयाचे आणि कोणासाठी, या दोन प्रश्नांच्या उत्तरांत झालेला पालट हेच त्या वळणांचे मर्म होय.

रसायनशास्त्राच्या पदवीधर असलेल्या मार्गारेट थॅचर यांनी २७ सप्टेंबर १९८८ रोजी रॉयल सोसायटीपुढे वातावरणातील बदलांचा प्रश्न मांडला. पुढच्याच महिन्यात पक्षाच्या अधिवेशनात त्यांनी त्याला एक रूपक दिले. कोणत्याही पिढीला ही पृथ्वी मालकी हक्काने मिळालेली नाही. तिला केवळ आजीव भाडेकरूचा हक्क आहे, आणि दुरुस्तीची संपूर्ण जबाबदारी त्या करारातच अंतर्भूत आहे, असा त्याचा आशय. हे रूपक विरोधकांकडून उसने घेतलेले नव्हते. १७९० मध्ये एडमंड बर्क यांनी फ्रेंच राज्यक्रांतीवरील आपल्या ग्रंथात वर्तमान पिढीला तात्पुरते भोगवटादार मानले होते, आणि समाज ही मृत, जिवंत व अजात यांची भागीदारी आहे असे प्रतिपादिले होते. थॅचर यांचे रूपक याच परंपरेचे अपत्य आहे.

मराठीत मात्र या रूपकाचे भाषांतर सहजसाध्य नाही. ‘कूळ’ हा शब्द प्रथम सुचतो. परंतु १९४८ च्या कुळकायद्यानंतर आणि ‘कसेल त्याची जमीन’ या घोषणेनंतर कूळ म्हणजे मालकीकडे वाटचाल करणारा, असा अर्थ महाराष्ट्रात रूढ झाला. मुळात अभिप्रेत असलेला भाडेकरू मालक कधीच होत नाही. ‘विश्वस्त’ हा पर्याय अधिक जवळचा. तथापि त्यात दुरुस्तीच्या खर्चाची कलमवार बांधिलकी येत नाही. पुढील विवेचनाच्या दृष्टीने हे कलमच महत्त्वाचे आहे.

२००२ मध्ये प्रसिद्ध झालेल्या ‘स्टेटक्राफ्ट’ या ग्रंथात थॅचर यांचा सूर पालटलेला दिसतो. तेथे धोका वाढत्या तापमानापेक्षा त्याच्या नावाखाली येऊ पाहणाऱ्या जागतिक नियंत्रणाचा आहे; जतनाचा विषय पृथ्वी न राहता बाजारपेठेचे स्वातंत्र्य हा झाला आहे. डेव्हिड कॅमेरन यांनी २००६ मध्ये स्वालबार्डच्या हिमनदीला भेट देऊन आणि पक्षाच्या चिन्हातील मशालीच्या जागी ओकवृक्ष आणून जुना सूर पुन्हा लावला. मजूर सरकारच्या २००८ च्या हवामान कायद्याला पक्षाने पाठिंबा दिला, आणि त्यातील ८० टक्के उत्सर्जनकपातीचे उद्दिष्ट २०१९ मध्ये थेरेसा मे यांच्या सरकारने निव्वळ शून्यापर्यंत नेले. सप्टेंबर २०२३ मध्ये ऋषी सुनक यांनी नव्या पेट्रोल-डिझेल मोटारींवरील बंदी २०३० वरून २०३५ वर ढकलली. केमी बेडनॉक यांनी मार्च २०२५ मध्ये २०५० चे उद्दिष्ट अशक्य ठरविले, व त्याच वर्षीच्या ऑक्टोबरात २००८ चा कायदाच रद्द करण्याचे आश्वासन दिले.

या अखेरच्या टप्प्यात ‘पिढी’ची जागा ‘कुटुंबा’ने आणि ‘दुरुस्ती’ची जागा ‘बोज्या’ने घेतली आहे. हा केवळ शब्दांचा खेळ आहे, खरी कारणे आर्थिक आहेत, असा आक्षेप येथे संभवतो, आणि तो पुष्कळ अंशी ग्राह्य आहे. १९९० नंतरच्या दशकात वीजनिर्मितीत कोळशाची जागा नैसर्गिक वायूने घेतली. उत्सर्जन घटले आणि सामान्य गृहस्थाला त्याची फारशी झळ लागली नाही. पुढे कपातीचा प्रश्न घरातील बॉयलर आणि दारातील मोटार यांच्यापर्यंत आला, आणि २०२२ च्या युक्रेनयुद्धाने इंधनाचे दर भडकले. भाषा पालटली ती या सुमारास.

तथापि पालट केव्हा झाला हे सांगितल्याने तो युक्त होता असे सिद्ध होत नाही. दुरुस्तीची जबाबदारी म्हणजेच खर्चाची जबाबदारी; ती १९८८ च्या रूपकात उघडपणे लिहिलेली होती. म्हणून कुटुंबाचे बिल पुढे करून तो करारच नाकारणे म्हणजे आपल्याच परंपरेतील एक कलम विसरणे होय. उलटपक्षी, २०१९ ची दुरुस्ती कॉमन्स सभागृहाने अवघ्या दीड तासाच्या चर्चेनंतर मतविभागणीवाचून संमत केली; कोणी किती भरावे याचा निवाडा तेथे झाला नाही. भाडेकरूंत खर्चाची वाटणी न ठरविता दुरुस्ती आरंभणाऱ्यांनीच पुढील तक्रारीला जागा करून दिली, हा दोष मे यांच्या पक्षपातींनाही मान्य करावा लागेल.

२०२५ च्या आश्वासनावर सर्वांत तीव्र टीका करणाऱ्यांत स्वतः थेरेसा मे होत्या, ही गोष्ट लक्षणीय आहे. यावरून हा वाद उजव्या-डाव्यांचा जितका आहे तितकाच एका पक्षनामाच्या अर्थाचाही आहे, असे दिसते. ‘हुजूर’ या शब्दाने तो अर्थ मराठी वाचकापासून झाकला गेला. अशा वादांचा अभ्यास करू इच्छिणाऱ्याने ठरावांबरोबरच त्यांतील नामे व क्रियापदेही तपासावीत. कारण कोणी काय जतन करण्याचे वचन दिले होते, याची नोंद तेथे शिल्लक राहते.