वर्गातला एकच संगणक: माऊस कोणाच्या हातात?

शाळा 'डिजिटल' झाली असं आपण कधी म्हणतो? वर्गात पडदा लागला, प्रोजेक्टर आणि संगणक आला, फोटो निघाला, की म्हणतो. आम्हाला बोलायचंय ते त्या फोटोनंतरचं. सगळ्या शाळेत मिळून एक-दोन संगणक असतात, तेव्हा ते कोण वापरतं आणि कशासाठी?

यंत्रं येण्याची गोष्ट जुनी आहे. 1984 मध्ये केंद्र सरकारच्या 'क्लास' प्रकल्पातून देशातल्या काही शाळांत बीबीसी मायक्रो संगणक आले होते. 2015 मध्ये आपल्याकडे 'प्रगत शैक्षणिक महाराष्ट्र'चा शासन निर्णय निघाला, आणि शहापूर तालुक्यातल्या पाष्टेपाड्याची जिल्हा परिषद शाळा पाहायला लांबून शिक्षक येऊ लागले. नाशिकमध्ये महापालिकेच्या शाळांतही स्मार्ट सिटीतून डिजिटल वर्ग झाले. यात वाईट काही नाही.

पण त्याच सुमारास 'सरल'ही आलं. प्रत्येक विद्यार्थ्याची माहिती ऑनलाइन भरायची. जिथे संगणक एकच, तिथे तो वर्गातून मुख्याध्यापकांच्या टेबलावर जाणारच! माहिती भरण्याला शेवटची तारीख असते. शिकवण्याला कुठे असते?

बरं, वर्गात उरला तरी काय होतं बघा. बाई रात्री घरी बसून सादरीकरण तयार करतात, श्रीलिपीत नाहीतर कृतिदेवमध्ये. शाळेच्या संगणकात तो फॉन्ट नसतो. पडद्यावर 'गोदावरी'च्या जागी इंग्रजी अक्षरांची खिचडी. मुलं हसतात, बाई ओशाळतात, आणि पुढच्या वेळी कुणीतरी केलेला तयार व्हिडिओ लावून मोकळ्या होतात. युनिकोडमध्ये टाइप केलं असतं तर हे टळलं असतं. फाइलची पीडीएफ प्रत जवळ असती, तरी तास वाचला असता. इतकी साधी गोष्ट, पण संगणक देताना ती शिक्षकांना किती ठिकाणी सांगितली जाते?

आमचा खरा आक्षेप याहून पुढचा आहे. अक्षरं नीट दिसली तरी सादरीकरणाने फळ्याची एक ताकद काढून घेतली. फळ्यावर गणित ओळीओळीने वाढतं. सर मध्येच थांबतात, चुकतात, पुसतात, "पुढे काय?" विचारतात. स्लाइड आयती येते, उत्तरासकट. मुलं ती वहीत उतरवतात, एवढंच. खडूच्या जागी बटण आलं, आणि खडू निदान पोरांच्या हातात जायचा तरी! माऊस मात्र "हात लावू नको, बिघडेल" म्हणून सरांपाशीच राहतो.

एक यंत्र अनेकांत असणं ही अडचणच असते असं नाही. सुगत मित्रांनी 1999 मध्ये दिल्लीत कालकाजीला भिंतीत संगणक बसवला. पुढे आपल्या सिंधुदुर्गातही तो प्रयोग झाला. एक मूल चालवतं, दोघं-तिघं सल्ले देतात, मागची डोकावतात. एकाच पडद्यापुढे भांडत शिकणं चालतं. त्यांच्या दाव्यांवर टीका झाली, आणि शिक्षकाविना सगळं जमतं हे आम्हालाही पटत नाही. पण घोळक्याने शिकण्याचं त्यांचं निरीक्षण आपण वर्गात का आणत नाही?

नाशिकचंच घ्या. ब्रह्मगिरीवर गोदावरी उगम पावते, इथून जवळच गंगापूरचं मातीचं धरण आहे, खाली रामकुंड. पाच-पाच मुलांचे गट करा. एकाने उगमावर, एकाने धरणावर, एकाने घाटावरच्या पाण्यावर तीन-तीन स्लाइड करायच्या. आजीला विचारून, फोटो काढून. संगणक एकच, म्हणून आठवड्याचा एक तास एका गटाचा, वेळापत्रकात लिहिलेला. त्या तासाला कुठलीही माहिती भरायची नाही. प्रत्येक गटाचं वेगळं फोल्डर, आणि शाळेचं खातं बंद करूनच उठायचं, कारण त्यात सगळ्या मुलांची माहिती असते.

त्या तासाला शिक्षकांनी शेजारी उभं राहायचं, प्रश्न विचारायचे, माऊसला हात लावायचा नाही. पहिल्या एक-दोन आठवड्यांत तास वाया गेल्यासारखा वाटेल. फाइल सापडणार नाही, दोघांत भांडण होईल. होऊ द्या.