किनाऱ्यावरील तेल आणि ‘साफ करणे’ हे क्रियापद

समुद्रकिनाऱ्यावर सांडलेल्या तेलाच्या निवारणार्थ टाकाऊ पदार्थांचा उपयोग करावा, असे प्रतिपादणाऱ्या मराठी लेखनात एक भाषिक दोष वारंवार आढळतो. नारळाचा काथ्या, वापरलेल्या खाद्यतेलावर जिवाणू वाढवून मिळविलेले ऱ्हॅम्नोलिपिड आणि तेलाचे विघटन करणारे जिवाणू ही सर्व तेल ‘साफ करतात’, असे एकाच क्रियापदाने सांगितले जाते. वस्तुतः काथ्या तेल धरून ठेवतो; तो उचलून नेला नाही, तर उपद्रव दुप्पट होतो. ऱ्हॅम्नोलिपिड तेलाचे सूक्ष्म थेंब करून ते पाण्यात विखुरते. तेल नजरेआड होते, नाहीसे होत नाही. ‘विखुरणे’ हे क्रियापद योजले की ‘कोठे?’ हा प्रश्न आपोआप उपस्थित होतो. ‘साफ करणे’ तो उपस्थितच होऊ देत नाही.

हा केवळ शब्दच्छल नव्हे. १९६७ मध्ये कॉर्नवॉलनजीक ‘टॉरी कॅनियन’ हे तेलवाहू जहाज खडकावर आदळल्यानंतर सुमारे १०,००० टन प्रक्षालके वापरण्यात आली. त्यांतील विषारी द्रावकांमुळे किनाऱ्यावरील जीवसृष्टीची जी हानी झाली, ती तेलामुळे झालेल्या हानीहून अधिक ठरली. धुण्याभांड्यांशी निगडित अशा नावाने त्या द्रव्याचे खरे स्वरूप झाकले गेले, असे म्हणण्यास जागा आहे. आज ‘नैसर्गिक’, ‘नवीकरणीय’, ‘टाकाऊपासून’ ही विशेषणे तेच कार्य करतात. ती द्रव्याच्या उगमाविषयी असतात. वाचक मात्र ती परिणामास लावतो.

कर्त्याविषयीही असाच घोटाळा होतो. ऑगस्ट २०१० मध्ये मुंबईजवळ ‘चित्रा’ व ‘खलिजिया’ या जहाजांची टक्कर होऊन तेल सांडले. त्या वेळी टेरी या संस्थेचे ‘ऑइलझॅपर’ वापरण्यात आले. त्यात दाणे काढलेल्या मक्याच्या कणसांची भुकटी हे केवळ वाहन आहे. कार्य करतात ते तिच्यावर वसविलेले जिवाणू. ‘भुकटी तेल खाते’ या वाक्यात वाहनच कर्ता होऊन बसते. ‘खाते’ हे क्रियापदही जपूनच वापरावयास हवे. जिवाणूंना प्राणवायू, नायट्रोजन व फॉस्फरस लागतात. शिवाय तेलातील हलके घटक लवकर विघटित होतात, डांबरासारखे जड घटक दीर्घकाळ टिकतात. पावसाळ्याच्या तोंडी गोव्याच्या किनाऱ्यावर येणारे डांबराचे गोळे हे अशाच जुन्या तेलाचे अवशेष होत. त्यांना काही लेखक ‘डांबरगोळ्या’ म्हणतात. मराठी वाचकाच्या मनात त्या शब्दाने कपड्यांचे कपाट उभे राहते, समुद्र नव्हे.