जीर्णोद्धार कीं पुनर्लेखन? कॉफमन यांच्या वाळवंटांतील घराचें परीक्षण

ताम्रपट, दानपत्रें, बखरी आणि पोथ्या यांच्या चर्चेस वाहिलेल्या या पानांत एका परदेशस्थ घराच्या दुरुस्तीचें परीक्षण यावें, हें कित्येक वाचकांस प्रथमदर्शनीं विचित्र वाटेल. तें घर १९४६ सालचें. म्हणजे आपल्या हिशेबानें कालपरवाचें. परंतु ज्या वस्तूचा कर्ता निवर्तला आहे, जिच्या मूळ रूपावर परक्या हातांनीं भर घातली आहे, आणि जिचें शुद्ध रूप ठरविण्यासाठीं साक्षीपुरावे जुळवावे लागतात, ती वस्तु ताडपत्राची असो वा कांचपोलादाची असो, तिच्या चिकित्सेचे नियम मुळांत एकच होत, असें आमचें मत आहे. दुसऱ्या महायुद्धानंतरच्या वीस-पंचवीस वर्षांत जगभर उभीं राहिलेलीं सपाट छपराचीं, मोकळ्या आंखणीचीं घरें आतां दुरुस्तीस आलीं आहेत. त्यांत हात घालणाऱ्यानें कोणता विवेक बाळगावा हें पाहण्यास कॉफमन यांचें घर फार उपयोगी आहे.

कॅलिफोर्नियांतील पाम स्प्रिंग्ज या वाळवंटी गांवीं पिट्सबर्गचे व्यापारी एडगर कॉफमन यांच्यासाठीं रिचर्ड नॉयट्रा या स्थापत्यकारानें हें घर बांधलें. याच कॉफमन यांनीं पूर्वीं फ्रँक लॉइड राइट यांजकडून धबधब्यावरचें आपलें प्रसिद्ध घर बांधून घेतलें होतें. नॉयट्राची आंखणी भिरभिऱ्याच्या पात्यांसारखी चारी दिशांस पसरलेली आहे. मध्यें बैठक, बाहेर पोहण्याचें तळें, आणि घर व आंगण यांच्या दरम्यान सरकत्या कांचा. भिंतींस युटा प्रांतांतील पिंवळसर वालुकाश्म वापरला आहे. दुसरा मजला चढविण्यास तेथें मनाई होती. म्हणून छपरावर तीन बाजूंनीं उघडी अशी एक बैठक केली व तिला ऊन-वारा अडविण्यासाठीं उभ्या धातूच्या पट्ट्या बसविल्या. एकंदर घर सुमारें ३,२०० चौरस फुटांचें. थोरपणा आकारांत नसून प्रमाणांत आहे.

कॉफमन १९५५ सालीं वारले. त्यानंतर कांहीं वर्षें घर ओस पडलें, मग एकामागून एक धनी झाले, आणि लेखक पालटले कीं पोथीचें जें होतें तेंच घराचें झालें. कोणी उघडी पडवी बंद करून खोली केली, कोणी करमणुकीच्या दालनासाठीं भिंत पाडली, कोणी शयनगृहांत फुलाफुलांचे कागद चिकटविले. छपराची स्वच्छ रेषा वातानुकूलनाच्या यंत्रांनीं मोडली. १९९० नंतरच्या दशकांत नव्या धन्यांनीं लिओ मार्मोल व रॉन रॅड्झिनर या स्थापत्यकारांकडे घराच्या जीर्णोद्धाराचें काम सोंपविलें. त्यांनीं केलेली 'संशोधित आवृत्ति' हाच आमच्या परीक्षणाचा विषय होय.

या आवृत्तीचा पहिला गुण तिची साधनसामग्री. संपादकांनीं लॉस एंजेलिसच्या विद्यापीठांत जतन केलेलीं नॉयट्राचीं कागदपत्रें तपासलीं. ज्यूलियस शुल्मन या छायाचित्रकारानें १९४७ सालीं काढलेलीं चित्रें, त्यांतील अप्रकाशितहि, समोर ठेवलीं. रंग व उपकरणें मुळांत ज्यांनीं पुरविलीं त्यांचा माग काढला. युटांतील बंद पडलेली खाण पुन्हा उघडवून त्याच जातीचा दगड आणविला. आणि छपराच्या कडेची पन्हळी पत्र्याची पट्टी मूळच्यासारखी व्हावी म्हणून तसा पत्रा वळविणारें यंत्रच विकत घेतलें. भोंवतालची जमीन घेऊन घराभोंवतीं वाळवंटाचें मोकळें रान पुन्हा राखलें. इतका खर्च व इतका धीर क्वचित् दिसतो. 'मला असें शोभतें' या एका आधारावर ग्रंथांतील शब्द बदलणारे पंडित आम्हीं पुष्कळ पाहिले आहेत. त्यांनीं या दोघांपासून धडा घ्यावा.

एवढें मान्य करूनहि आमचे तीन आक्षेप आहेत.

पहिला साक्षीदाराविषयीं. शुल्मनचें तें संधिप्रकाशांतील चित्र जगभर गाजलें आहे. तें टिपण्यास सुमारें पाऊण तास लागला. तेवढ्या अवधींत घरांतील दिवे गरजेप्रमाणें लावीत व मालवीत ठेवावे लागले. म्हणजे त्या चित्रांतील उजेड कोणत्याहि एका क्षणीं त्या घरांत नव्हता. तो रचलेला आहे. इतर चित्रेंहि एकाच हातचीं, घर नवें कोरें असतांना काढलेलीं. आपल्या परिभाषेंत बोलावयाचें तर हीं सर्व हस्तलिखितें एकाच शाखेचीं, आणि लेखनिक अत्यंत सुंदर अक्षराचा. सुंदर अक्षर म्हणजे प्रमाण पाठ नव्हे, हें पोथ्या जमविणाऱ्यास सांगावयास नको. चित्रावरून घर दुरुस्त केलें कीं घर हळूहळू चित्राची प्रत होऊं लागतें. तळ्याजवळच्या नव्या मंडपांतून मूळ घर न्याहाळतां यावें अशी योजना केली आहे, तींत आम्हांस हाच धोका दिसतो: जें राहण्यासाठीं होतें तें पाहण्यासाठीं उरतें.

दुसरा आक्षेप प्रक्षेपांविषयीं. पुण्याच्या भांडारकर संस्थेनें महाभारताची चिकित्सित आवृत्ति १९१९ सालीं आरंभिली व १९६६ सालीं पुरी केली. डॉ. सुखटणकर यांनीं १९३३ सालीं पुऱ्या केलेल्या आदिपर्वांत गणपतीनें भारत लिहून घेतल्याची कथा संहितेंतून काढली. त्या वेळीं अनेकांस धक्का बसला. परंतु कथा त्यांनीं नष्ट केली नाहीं. ती परिशिष्टांत छापली. मूळ काय हेंहि कळावें आणि लोकांनीं त्यांत काय घातलें हेंहि कळावें, असा तो मार्ग आहे. कॉफमन यांच्या घराच्या आजच्या दर्शनांत मात्र परिशिष्टास जागा नाहीं. १९५५ नंतरच्या सुमारें चाळीस वर्षांचा मागमूसहि पाहणाऱ्यास लागत नाहीं. फुलाफुलांचा कागद कुरूप असेल. पण लोकांस हें कठोर घर सोसवेना व तें मऊ करावेंसें वाटलें, हा इतिहास त्याच कागदानें सांगितला असता. व्हेनिस येथील १९६४ च्या सनदेनें सर्व कालखंडांच्या भरीचा मान राखावा व शैलीची एकरूपता हें जीर्णोद्धाराचें ध्येय नव्हे, असें म्हटलें आहे, तें याच कारणानें. प्रत्येक भर ठेवावीच असें आम्ही म्हणत नाहीं. काढण्यापूर्वीं ती मोजावी, तिचीं चित्रें घ्यावीं, आणि एखादा तुकडा तरी जागींच राखावा, इतकेंच म्हणतों.

तिसरा आक्षेप नव्या-जुन्याच्या भेदाविषयीं. भांडारकर आवृत्तींत जेथें पाठ संशयित आहे तेथें अक्षरांखालीं नागमोडी रेषा आहे. संपादकाचा तर्क कोठें सुरू झाला हें वाचकास तात्काळ कळतें. येथें नवा दगड जुन्यांत बेमालूम मिसळावा हाच हेतु होता. यावर प्रतिपक्षी म्हणेल कीं, या घराचा सारा प्राण अखंड रेषेंत आहे. ठिगळ दिसलें तर घरच हरवलें. हें म्हणणें पोकळ नाहीं. परंतु खूण डोळ्यांत भरणारीच असावी असें कोठें आहे? दगडाच्या आंतल्या अंगास साल कोरावें, नव्या भागांचा नकाशा घराच्या कागदांबरोबर ठेवावा. सौंदर्यहि राहील आणि सत्यहि.

आतां घर आणि पोथी यांतील भेदहि सांगितला पाहिजे, नाहींतर आमची उपमा आम्हांसच फसवील. पोथींत कोणी राहत नाहीं. घरांत माणसें राहतात. त्यांस गारवा लागतो, नळ लागतात, म्हातारपणीं पायऱ्या नकोशा होतात. ज्या घरांत राहतां येत नाहीं तें पाडलें जातें. नॉयट्राचेंच १९६२ सालीं बांधलेलें मॅझलन यांचें घर, त्याच भागांत रँचो मिराज येथें, २००२ सालीं नव्या खरेदीदारानें घेतलें आणि थोड्याच दिवसांत जमीनदोस्त केलें. त्याच्या तुलनेंत आमचे तिन्ही आक्षेप लहान आहेत. म्हणून सोयीसाठीं बदल करूं नयेत असें आम्ही म्हणत नाहीं. आंखणी, उजेडाची वाट, छपराची रेषा आणि मुख्य सामग्री हीं घराचीं मूळ वाक्यें होत. त्यांस हात लावूं नये. स्वयंपाकघर, न्हाणीघर, तारा व नळ हे टीकेचे भाग होत. ते काळानुसार पुन्हा लिहावे, पण टीका मुळांत मिसळूं देऊं नये.

हा विवेक आपल्याकडे तातडीचा आहे. चंदीगडांत पियेर जीनरे, मॅक्सवेल फ्राय आणि जेन ड्रू यांनीं १९५० नंतर विटांच्या जाळ्या व खोल छज्जे देऊन सरकारी नोकरांचीं घरें योजिलीं. सेक्टर ५ मधील जीनरे यांचें निवासस्थान २०१७ सालीं संग्रहालय झालें. पहिल्या टप्प्यांतील सेक्टरांत एका घराचे सदनिकांत तुकडे करण्यास सर्वोच्च न्यायालयानें १० जानेवारी २०२३ रोजीं मनाई केली. परंतु त्याच शहरच्या कचेऱ्यांतील जुन्या खुर्च्या आधीं भंगारांत गेल्या व मग परदेशच्या लिलावांत मोठ्या किंमतीस विकल्या गेल्या. वाण्याच्या दुकानीं पुड्या बांधण्यास गेलेलीं दफ्तरें ज्यांनीं पाहिलीं आहेत त्यांस या गोष्टीचें दुःख निराळें समजावून द्यावयास नको. पुण्यामुंबईंत त्याच काळचे बंगले पुनर्विकासांत रोज पडत आहेत. त्यांची मोझॅकची फरशी, जिन्याचा कठडा, सिमेंटच्या जाळ्या राडारोड्याबरोबर गाडींत भरल्या जातात.

असो. मार्मोल व रॅड्झिनर यांची आवृत्ति आम्ही उत्तम मानतों. तिला परिशिष्ट आणि नागमोडी रेषा असत्या तर ती अनुकरणीय झाली असती. आमच्या सभासदांस विनंति एवढीच कीं, गांवांतील १९५०-६० च्या सुमाराचें घर पडणार असें कळतांच पोथीच्या शोधास जातां तसें तेथें जावें. धन्याजवळ मंजूर नकाशा असेल तर त्याची नक्कल घ्यावी, खोल्यांचीं मापें टिपावीं, कोणती भर केव्हां व कां घातली हें घरांतल्या वडीलधाऱ्यांस विचारून लिहून ठेवावें. अशीं टिपणें पोथ्यांच्या याद्यांशेजारीं एकाच कपाटांत राहिलीं तर त्यांत कांहीं वावगें होणार नाहीं.