द्राक्षाचा तुडतुडा आणि धानाचा तुडतुडा

कीड मारायची नाही; तिच्या अंगातल्या निरुपद्रवी जीवाणूत नवे जनुक घालायचे आणि त्याच्याकरवी रोगजंतू मारायचा. ही युक्ती विज्ञानाच्या व्याख्यानांत हमखास टाळ्या मिळवते. तिचे नेहमीचे उदाहरण कॅलिफोर्नियातले. १९९० च्या दशकाच्या अखेरीस तिथल्या टेमेक्युला खोऱ्यात पिअर्स रोगाने द्राक्षबागांचे मोठे नुकसान केले. झायलेला हा जीवाणू वेलीच्या जलवाहिन्या तुंबवतो, पाने कडेने करपतात. त्याला वेलीवेलींवर नेतो तो तुडतुड्यांच्या गोतातला एक कीटक. त्याच्या अंगात राहणारा अल्कॅलिजेनिस झायलॉसॉक्सिडन्स हा जीवाणू संशोधकांनी बदलायला घेतला.

कल्पना सुंदर आहे. माझी तक्रार ती सांगण्याच्या पद्धतीबद्दल आहे. ज्या सोंडेतून झायलेला वेलीत शिरतो, तिथूनच बदललेला जीवाणूही शिरू शकतो. मग तो बागेतच राहील कशावरून? शिवाय प्रतिकारशक्ती दुबळी असलेल्या रुग्णांना याच जातीच्या जीवाणूचा संसर्ग होतो. हे क्वचितच सांगितले जाते.

गोंदियात तर लगेच प्रश्न येतो, "सर, आमच्या धानावर चालेल का?" इथे घाई नको. तपकिरी तुडतुडा स्वतःच रस शोषून धान करपवतो. त्या करपण्यात मारायला रोगजंतूच नसतो. हिरवा तुडतुडा मात्र टुंग्रो रोगाचे विषाणू वाहतो. विचार करायचा तर त्याच्यापुरता. तेव्हा मुलांना आधी बांधीत न्या. हिरवा पानांवर दिसेल; तपकिरीसाठी वाकून, बुंध्याशी, पाण्याच्या जरा वर पाहावे लागेल.