नळीवरचं नाव

घोळ नावापासूनच आहे. जिला सगळे ‘केंटकी रायफल’ म्हणतात, ती लांब नळीची बंदूक मुळात केंटकीची नाहीच. अठराव्या शतकात पेनसिल्व्हेनियातल्या लँकेस्टर, बर्क्स, यॉर्क या भागांत मुख्यतः जर्मनभाषक कारागिरांनी ती घडवली. जर्मनीतली आखूड, जाड नळीची शिकारी बंदूक इथे येऊन लांब आणि सडपातळ झाली. केंटकीचं नाव तिला चिकटलं ते १८१५ च्या न्यू ऑर्लिन्सच्या लढाईवरच्या एका गाजलेल्या गाण्यामुळे, असं सहसा सांगतात.

तुम्ही म्हणाल, अमेरिकेत बंदुकांवर आधीच काय कमी बोललं जातं? बरोबर आहे. पण मला बोलायचंय ते एका पुस्तकाबद्दल आणि त्याने शिकवलेल्या नजरेबद्दल. यॉर्कचे जुन्या वस्तूंचे व्यापारी जो किंडिग ज्युनियर यांचं ‘थॉट्स ऑन द केंटकी रायफल इन इट्स गोल्डन एज’ १९६० साली आलं. संग्राहक आजही त्याचा आधार घेतात. किंडिग बंदुकीकडे शिल्प म्हणून बघतात: लहरी रेषांच्या मेपल लाकडाच्या दस्त्याचा बाक, त्यावरचं कोरीव काम, दस्त्यातल्या कप्प्याचं पितळी झाकण. एवढ्यावरून बंदूक कुठल्या परगण्यातली, कुणाच्या हाताखालची, हे ते ताडतात. आपल्याकडचे जाणकार दोन आलापांत घराणं ओळखतात ना, तसंच.

ही नजर खरोखर मोलाची आहे, कारण कितीतरी बंदुकांवर नावच नसतं. नाझरेथजवळच्या ख्रिश्चन्स स्प्रिंग या मोरेव्हियन पंथीयांच्या वस्तीत आंद्रेआस आल्ब्रेख्ट बंदुका घडवायचा. ख्रिश्चन ऑर्टर त्याच्याकडे शिकला आणि पुढे त्याने कारखाना सांभाळला. ऑर्टरचं नाव आणि १७७५ साल कोरलेली बंदूक शिल्लक आहे. अशा एका सहीच्या बंदुकीशेजारी बिनसहीची ठेवली की कोरीव कामातून गुरु-शिष्यांचा धागा दिसायला लागतो.

माझी तक्रार यापुढची आहे. हात ओळखायला निघालेली ही नजर शेवटी नावापाशी येऊन थांबते. एमिट्सबर्गच्या जॉन आर्मस्ट्राँगची किंवा लँकेस्टरच्या जेकब डिकर्टची सही असली की बंदूक ‘त्याची’. पण ती बनत कशी होती? लोखंडाची पट्टी तापवून सळईभोवती गुंडाळायची, ठोकून सांधायची, मग आतून कोरून पिळाच्या खाचा पाडायच्या. बर्क्समधल्या वायोमिसिंग ओढ्यावर पाण्याच्या जोरावर नळ्या कोरणाऱ्या गिरण्या होत्या. तयार नळ्या तिथून मिळायच्या. ठिणगी पाडणारं लॉक पुष्कळदा इंग्लंडहून आलेलं. कानस घासायला उमेदवार पोरं. म्हणजे सही पुष्कळदा दुकानाच्या मालकाची, हात अनेकांचे.

‘सुवर्णकाळ’ हा शब्दही तपासून घ्या. एकोणिसाव्या शतकात चकमकीऐवजी टोपीवर उडणारी बंदूक आली, तेव्हा या जुन्या बंदुकांची लॉक्स अनेकांनी बदलून घेतली. पुढे संग्राहकांनी त्यातल्या बऱ्याच परत चकमकीच्या करून घेतल्या. वस्तू ‘मूळ रूपात’ आली खरी, पण कुणा गावठी लोहाराची दुरुस्ती आणि त्या घरातली पुढची पन्नास वर्षं पुसली गेली. साध्या, नक्षी नसलेल्या, झिजलेल्या बंदुकांना तर या कौतुकात जागा कमीच. रोज वापरात होत्या त्या बहुधा त्याच.

आता तुमच्या स्वयंपाकघरात बघा. इंडियातून आणलेल्या डब्यावर किंवा पातेल्यावर ठिपक्याठिपक्यांनी कोरलेलं नाव असेल: आजीचं, नाहीतर लग्नात आहेर देणाऱ्या कुणा काका-काकूंचं, सोबत तारीख. घडवणाऱ्याचं नाव कधीच नसतं. पुण्याच्या राजा दिनकर केळकर संग्रहालयात अडकित्ते आणि दिवे बघताना हेच जाणवतं. ते जमवणारे दिनकर केळकर कविता लिहायचे ‘अज्ञातवासी’ या नावाने; अडकित्ता घडवणाऱ्याला मात्र टोपणनावसुद्धा मिळालं नाही. अमेरिकेत सही दुकानदाराची, आपल्याकडे देणाऱ्याची. कारागीर दोन्हीकडे बाहेरच. आणि आपल्याकडे तो कुठल्या जातीचा, कुठल्या आळीतला, हे सगळ्यांना माहीत असायचं. लिहून ठेवावंसं मात्र कुणाला वाटलं नाही.

म्हणून किंडिग वाचाच, पण त्यांची पद्धत घ्या आणि नावांचा सोस सोडा. बिननावाच्या वस्तूंवर नुसतं ‘पारंपरिक’ असं लेबल लावून मोकळं व्हायची आपली सवय आळशी आहे. शंभर अडकित्ते शेजारी शेजारी मांडून पात्याचा बाक, खिळ्याची जागा, मुठीची घडण कुणी ताडून बघितली, तर तिथेही गावं दिसतील, गुरु-शिष्य दिसतील. हे काम बसल्या जागी सुरू करता येतं. घरातल्या पितळी डब्याचा फोटो काढा. नाव कोरलंय त्या बाजूचा आहेच. बुडाचा काढा, जिथे हातोडीचे ठोके दिसतात. आणि आईला फोन करून विचारा, हा कुठल्या गावातून, कुणाकडून घेतला होता.