काकिएमोन षट्‌कोनी फुलदाण्या
जपानच्या क्यूशू बेटावरील आरिता येथे सतराव्या शतकाच्या उत्तरार्धात तयार झालेल्या, फुलापक्ष्यांच्या अलंकरणाने युक्त अशा चिनी मातीच्या फुलदाण्या. इंग्लंडची राणी दुसरी मेरी (१६६२–९४) हिच्या संग्रहातील अशी पात्रे हॅम्पटन कोर्ट राजवाड्यात असल्याने त्यांस ‘हॅम्पटन कोर्ट फुलदाण्या’ असेही म्हणतात. वस्तुतः या झाकणाच्या बरण्या असून यूरोपीय प्रासादांत त्या केवळ शोभेसाठी मांडीत.

कोरियावरील स्वाऱ्यांच्या वेळी (१५९२–९८) जपानमध्ये आणलेल्या कोरियन कुंभारांनी सतराव्या शतकाच्या आरंभी आरिता परिसरात पोर्सेलीनचा पाया घातला. झिलईवर रंग चढविण्याचे तंत्र १६४० च्या दशकात पहिला साकाइदा काकिएमोन (१५९६–१६६६) याने साध्य केले, अशी परंपरा आहे. मिंग राजवटीच्या पतनानंतर (१६४४) चिनी मालाची निर्यात खंडित झाली, तेव्हा डच ईस्ट इंडिया कंपनी आरिताकडे वळली व १६५९ पासून नागासाकीमार्गे मोठी निर्यात सुरू झाली. या फुलदाण्या त्या व्यापाराचेच अपत्य होत.

झिलईसह भाजलेल्या पात्रावर नारिंगी तांबडा, निळा, निळसर हिरवा व पिवळा हे रंग भरून ते कमी तापमानास पुन्हा भाजीत. सहा सपाट बाजूंवर खडकालगतची शेवंती, बहरलेल्या फांद्या व पक्षी रेखाटलेले असतात. चित्र मध्यभागी न ठेवता एका अंगास झुकविलेले असते आणि उरलेला शुभ्र भाग मोकळा सोडलेला असतो. हा मोकळा अवकाश ही केवळ पार्श्वभूमी नव्हे. फांदीचा झोक आणि पाकळीचा हलकेपणा त्याच्यामुळेच प्रत्ययास येतो. समकालीन इमारी पात्रांत गडद निळा, तांबडा व सोनेरी रंग यांनी पृष्ठभाग भरून टाकलेला असतो. त्यांचे वैभव प्रथमदर्शनी डोळ्यांत भरते. काकिएमोनचा संयम मात्र सावकाश उलगडत जातो. या शैलीतील सर्वोत्कृष्ट पांढरेपणाला ‘निगोशिदे’ (तांदळाच्या धुवणासारखा) म्हणतात. तो प्रामुख्याने थाळ्या व वाडगे यांत आढळतो. फुलदाण्यांच्या झिलईत पुष्कळदा किंचित निळसर छटा राहते. पांढरेपणातील ही उणीव रेखांकनाच्या समतोलाने भरून निघते.

जर्मनीतील माइसेन व इंग्लंडमधील चेल्सी येथील कारखान्यांनी अठराव्या शतकात या पात्रांच्या प्रतिकृती केल्या. त्यांत फुलांचे अनुकरण सहज साधले. रिक्त जागेचे प्रमाण मात्र प्रत्येक वेळी साधले नाही.

या कलाकृतींचे श्रेय एकाच कुलनामास देण्याची प्रथा तपासून पाहणे आवश्यक आहे. पहिल्या काकिएमोनच्या निधनानंतरच ही शैली परिपक्व झाली. आरितात रंगलेपन करणाऱ्यांची आकाएमाची ही स्वतंत्र वस्ती होती. माती मळणारे, साच्यांतून बाजू घडविणारे, भट्टी राखणारे आणि रंग भरणारे अशा अनेक अनामिक हातांतून ही पात्रे सिद्ध झाली. म्हणून ‘काकिएमोन’ हे एका व्यक्तीची स्वाक्षरी न मानता शैलीचे नाव मानणे अधिक न्याय्य ठरते.

लुप्त झालेले निगोशिदे तंत्र बाराव्या व तेराव्या काकिएमोनांनी १९५३ मध्ये पुनरुज्जीवित केले. १९७१ मध्ये जपान सरकारने त्यास महत्त्वाचा अमूर्त सांस्कृतिक वारसा म्हणून मान्यता दिली. ही मान्यता एका व्यक्तीला नव्हे, तर तंत्र जतन करणाऱ्या समूहाला मिळाली, ही गोष्ट या कलेच्या स्वरूपाशी सुसंगतच म्हटली पाहिजे.