रोंदोचे ध्रुवपद : आवर्तन आणि पाठनिश्चिती

मध्ययुगीन फ्रेंच कवितेत ज्या गीतप्रकारांची चौकट काटेकोरपणे ठरून गेली, त्यांत बालाद, व्हिर्ले आणि रोंदो हे तीन प्रमुख होत. तिन्हींमध्ये ध्रुवपद आहे. परंतु ध्रुवपदावाचून ज्याची कल्पनाच करता येत नाही असा प्रकार एकच, तो म्हणजे रोंदो. बालादमध्ये ध्रुवपद कडव्याच्या शेवटी येते आणि ते वगळले तरी कवितेचा बराचसा भाग हाती राहतो. रोंदोतून ते वगळले तर काही सुट्या ओळी तेवढ्या उरतात. असे असूनही ह्या प्रकाराविषयी जी समीक्षा प्रचलित आहे ती ध्रुवपदाकडे बहुधा अलंकरण म्हणूनच पाहते : गोड, डौलदार, पण अर्थाच्या दृष्टीने निष्क्रिय. हा ग्रह कोठून आला आणि तो कितपत टिकतो, हे पाहू गेल्यास एका वेगळ्याच प्रश्नाशी येऊन थांबावे लागते. तो प्रश्न पाठनिश्चितीचा आहे. पंधराव्या शतकातील एखादा रोंदो नेमका किती ओळींचा आहे आणि त्याची शेवटची ओळ कोणती, हेच अनेकदा निर्विवाद नसते. जी कविता कोठे संपते हे ठाऊक नाही तिच्या ध्रुवपदाला निष्क्रिय कसे म्हणावे?

रोंदोचा उगम नृत्यात आहे. तेराव्या शतकाच्या पहिल्या काही दशकांत झां रनार ह्या कवीने आपल्या पद्यकथेत ठिकठिकाणी गीते गुंफली, व त्यांत ‘कारोल’ नावाच्या फेर धरून करावयाच्या नृत्याची छोटी गाणीही आली. एकाने ओळ म्हणावी, इतरांनी ध्रुवपद उचलावे, असा हा प्रकार. त्यातून जी आठ ओळींची बांधणी सिद्ध झाली तिच्यात पहिली ओळ चौथ्या व सातव्या स्थानी, आणि दुसरी ओळ आठव्या स्थानी पुन्हा येते. आठांपैकी पाच ओळी ध्रुवपदाच्या आणि नव्या ओळी अवघ्या तीन! पुढे ह्याच आठ ओळींच्या बांधणीला ‘त्रियोले’ हे नाव मिळाले. कवीला बोलण्यास एवढी थोडी जागा देणारा दुसरा प्रकार युरोपीय काव्यात सहसा आढळत नाही.

संगीताच्या अंगाने पाहिल्यास ही बांधणी अधिक उलगडते. रोंदोच्या चालीचे दोनच खंड असतात. ध्रुवपद ज्या चालीवर गायचे त्याच चालीवर नव्या ओळीही गायच्या; ध्रुवपदाला स्वतःची निराळी चाल नाही. म्हणजे ऐकणाऱ्याच्या कानात सूर तेच राहतात आणि शब्द तेवढे कधी बदलतात, कधी बदलत नाहीत. नवी ओळ जुन्या सुरांतून येते, म्हणून ती ध्रुवपदाचे प्रत्युत्तर वाटते. आणि ध्रुवपद परत आले की ते त्या प्रत्युत्तराला दिलेले उत्तर वाटते. अरासच्या आदां द ला आल ह्याने तेराव्या शतकाच्या उत्तरार्धात तीन स्वरपंक्तींचे रोंदो रचले. चौदाव्या शतकात गियोम द माशो (मृत्यू १३७७) ह्याच्या हाती ह्या तत्त्वाला जवळजवळ गणिती टोक आले. शेवट हाच आरंभ असे सांगणारा त्याचा एक रोंदो आहे. त्यात एक स्वरपंक्ती दुसरीच उलट्या क्रमाने गाते आणि तिसरी आपल्या मध्याशी पोहोचून आल्या वाटेने परत फिरते. शब्द जे म्हणतात ते सूर करून दाखवतात. ह्या चमत्कृतीचे कौतुक संगीताचे अभ्यासक करीत आले आहेत व ते रास्तच आहे. काव्य म्हणून मात्र ती रचना फारशी पुढे जात नाही. विधान पहिल्याच ओळीत पुरे होते.

माशोनंतर कविता आणि संगीत ह्यांची फारकत होऊ लागली. माशोचा शिष्य म्हणून ओळखला जाणारा अस्ताश देशां ह्याने १३९२ मध्ये काव्यरचनेवर एक गद्य प्रबंध लिहिला. वाद्यांचे व कंठाचे संगीत ते ‘कृत्रिम’ आणि शब्दांचे, पद्याचे संगीत ते ‘नैसर्गिक’, असा भेद त्याने त्यात केला. दोन्हींचा विवाह शोभून दिसतो, पण प्रत्येकाला स्वतंत्रपणेही नांदता येते, असे त्याचे मत. देशां स्वतः संगीतकार नव्हता, तेव्हा ह्या भेदात थोडी स्वपक्षाची वकिली असावी असे वाटल्यावाचून राहत नाही. पण ऐतिहासिक दृष्ट्या तो भेद खरा ठरला. पंधराव्या शतकात रोंदो गायिला जात होता आणि त्याच वेळी तो गाण्यावाचून वाचलाही जात होता.

येथे लेखनिकाचा प्रवेश होतो. ध्रुवपद सर्वांना पाठ. ते दर वेळी पूर्ण लिहून कागद का खर्चावा? म्हणून हस्तलिखितात दुसऱ्या-तिसऱ्या वेळी ध्रुवपदाचा पहिला शब्द, किंवा पहिले दोन-तीन शब्द, आणि पुढे ‘इत्यादी’ची खूण, एवढेच लिहिण्याचा प्रघात पडला. आपल्याकडील पदांच्या वह्यांतून ‘॥धृ॥’ ही खूण जे काम करते तेच काम ह्या संक्षेपाने केले. गाणाऱ्याची त्यामुळे काहीच अडचण झाली नाही. चालीचा खंड अर्ध्यावर तोडता येत नसल्याने त्याला ध्रुवपद पुरे करणे भागच होते. परंतु वाचणाऱ्यापुढे कागदावर एक अर्धवट ओळ उभी राहिली, आणि काही काळाने ती अर्धवट ओळ हाच रचनाबंध आहे असे मानले जाऊ लागले. कडव्याच्या शेवटी यमकाशिवाय येणाऱ्या ह्या तुटक शब्दांना फ्रेंच छंदःशास्त्रात ‘राँत्रमाँ’, म्हणजे पुनःप्रवेश, असे नाव आहे. लेखनिकाच्या काटकसरीतून एका काव्यतंत्राचा जन्म झाला, असे हे बहुतेक अभ्यासकांनी स्वीकारलेले अनुमान आहे.

ह्याचा परिणाम ओळींच्या हिशेबात पाहावा. ज्याचे ध्रुवपद चार ओळींचे आहे असा रोंदो पूर्ण आवर्तनाने म्हटला तर सोळा ओळींचा होतो : चार ओळी ध्रुवपदाच्या, दोन नव्या, ध्रुवपदाच्या पहिल्या दोन, मग चार नव्या आणि अखेरीस संपूर्ण ध्रुवपद. तोच रोंदो राँत्रमाँसह वाचला तर दहा ओळी आणि दोन तुटक शब्दसमूह एवढाच उरतो. आणि हस्तलिखितातील संक्षेप दोन्ही अर्थांनी वाचता येतो.

शार्ल दॉर्लेआं (१३९४–१४६५) ह्या राजवंशातील कवीचे उदाहरण ह्या दृष्टीने फार बोलके आहे. आझँकूरच्या लढाईत १४१५ मध्ये तो इंग्रजांच्या हाती सापडला आणि १४४० पर्यंत, म्हणजे पंचवीस वर्षे, इंग्लंडमध्ये बंदिवासात राहिला. सुटकेनंतर ब्ल्वा येथील आपल्या दरबारात त्याने कवींचा मेळा जमवला. त्याची स्वतःची वही आज पॅरिसच्या राष्ट्रीय ग्रंथालयात आहे आणि तिचा काही भाग त्याच्याच हस्ताक्षरात आहे. ह्या वहीतील एक तपशील मोलाचा आहे. आरंभीच्या गीतांसाठी पानाचा वरचा अर्धा भाग कोरा सोडलेला होता. तो स्वरलेखनासाठी असावा असे मानले जाते. स्वरलेखन झालेच नाही. पुढे त्या कोऱ्या जागांत रोंदो लिहिले गेले. संगीताच्या रिकाम्या जागी कविता येऊन बसल्याचे इतके प्रत्यक्ष दर्शन क्वचितच घडते.

त्याचा सर्वांत प्रसिद्ध रोंदो वसंतागमाचा आहे. ऋतूने वारा, गारठा व पाऊस ह्यांचा झगा उतरवला आणि लख्ख, सुंदर उन्हाचे भरतकाम अंगावर चढवले, हा त्याच्या चार ओळींच्या ध्रुवपदाचा आशय. (पावसाची वाट पाहणाऱ्या देशातील वाचकाने हा पाऊस हिवाळ्यातला आहे हे ध्यानात ठेवावे.) पुढील दोन ओळी सांगतात की, आपापल्या बोलीत हे गात वा ओरडत नाही असा पशू नाही, पक्षी नाही, आणि लगेच ध्रुवपद येते. पहिल्या वेळी जे कवीचे विधान होते ते आता पशुपक्ष्यांचा पुकारा झाले. एकही अक्षर न बदलता ओळीचा वक्ता बदलला. तिसऱ्या कडव्यात नदी, झरा आणि ओहोळ चांदीच्या थेंबांचा दागिना मिरवतात. त्यासाठी योजलेला शब्द सरदाराने आपल्या सेवकांना द्यावयाच्या गणवेशाचा आहे. जो तो नवा पोशाख करीत आहे असे म्हणून कडवे संपते आणि ध्रुवपद पुन्हा येते. ह्या वेळी ते सर्वांच्या नव्या पोशाखाचे कारण म्हणून. धन्याने वस्त्र बदलले, म्हणून चाकरांनी बदलले. विधान, पुकारा, कारण अशी तीन कामे एकच ध्रुवपद करते. ह्याला अलंकरण म्हणणे कठीण आहे.

आता पाठाचा प्रश्न. हा रोंदो वेगवेगळ्या संग्रहांत वेगवेगळ्या लांबीचा छापलेला आढळतो. अखेरीस ध्रुवपदाची एकच ओळ छापली तर कविता ‘झगा’ ह्या शब्दावर थांबते. दोन छापल्या तर ‘पाऊस’ ह्या शब्दावर. आणि चारही ओळी छापल्या तर ती उन्हाशी जाऊन पोहोचते. टाकून दिलेले वस्त्र, नुकताच सरलेला पाऊस आणि आजचे ऊन ही तीन भिन्न समापने आहेत. दोन ओळींच्या पाठात आनंदाच्या शेवटी हिवाळ्याची आठवण रेंगाळते आणि एखाद्या टीकाकाराला त्यात कवीच्या बंदिवासाची छायाही दिसू शकेल. पण ती छाया कवीची की मुद्रकाची? कवितेची प्रतिमासंगती पाहता पूर्ण चार ओळींचे आवर्तन अधिक सयुक्तिक वाटते. वस्त्र उतरवणे आणि चढवणे ही एकाच क्रियेची दोन अंगे आहेत आणि नव्या पोशाखाचा उल्लेख होताच ध्रुवपदाने आपल्या दुसऱ्या, झळाळत्या अर्ध्यापर्यंत जाणे अपेक्षित आहे.

ह्यावरून सर्वच रोंदो पूर्ण आवर्तनाने छापावेत असा नियम कोणी करू पाहील तर फ्रांस्वा व्हियों त्याच्या आड येतो. १४६१–६२ च्या सुमारास रचलेल्या ‘तेस्तामां’ ह्या काव्यात मृत्यूला उद्देशून एक रोंदो आहे. प्रियेला हिरावून नेणाऱ्या मृत्यूच्या कठोरपणाविरुद्ध येथे कवी दाद मागतो. क्रियापद न्यायालयातलेच आहे. दाद कोणाकडे मागितली, हे मात्र कविता सांगत नाही. प्रचलित आवृत्त्यांत ह्याचे राँत्रमाँ एकाच शब्दाचे आहे : ‘मोर’. मराठीत ज्यासाठी ‘मृत्यू’ आणि ‘मेलेला’ असे दोन शब्द योजावे लागतात ते दोन्ही अर्थ ह्या एका फ्रेंच शब्दात आहेत. पहिल्या आवर्तनात तो एका प्रश्नाच्या शेवटी येतो : ती जिवंत असताना तुझे काय बिघडवीत होती, अशी पृच्छा करून कवी मृत्यूला हाक मारतो. ‘जीवन’ ह्या शब्दाला लागूनच हा शब्द यावा ही योजनाही सहज झालेली नाही. शेवटी, दोघांचे हृदय एकच होते, ते मेले म्हणजे मीही मरणार किंवा प्रतिमांप्रमाणे प्राणावाचून जगणार, असे म्हणून तोच शब्द परत येतो. आता ती हाक राहते का? ती हाक आहेच. पण व्याकरणदृष्ट्या तो शब्द बोलणाऱ्याचे विशेषणही होऊ शकतो. फिर्याद करणाराच मृत ठरतो. ध्रुवपद पूर्ण छापले की ही द्व्यर्थता नाहीशी होते, कारण पुढचे शब्द येताच ‘मोर’ पुन्हा निव्वळ संबोधन बनतो.

पूर्ण आवर्तनाच्या बाजूनेही पुरावा आहे, तो दृष्टीआड करता येत नाही. ही रचना व्हियोंने ईतिए मार्शां ह्याच्या नावे मृत्युपत्रात दिली आहे आणि तिला चाल लावली जावी अशी अटही घातली आहे. चाल लावायची तर एका शब्दावर खंड कसा संपणार? उलट, ह्या रचनेत दहा ओळी आहेत असे कवी स्वतःच सांगतो आणि नव्या ओळी खरोखर दहाच भरतात. हा हिशेब एकशब्दी पाठाच्या बाजूने दिला जाऊ शकतो. पण पुनरावृत्त ओळी मोजावयाच्याच नाहीत असे मानले तर तो दोन्ही पक्षांना सारखाच लागू पडतो. बहुधा व्हियोंला दोन्ही रूपे ठाऊक होती : गाणाऱ्याने चार ओळी म्हणाव्यात, वाचणाऱ्याने एक शब्द वाचावा. तथापि त्याने जे साधले ते वाचणाऱ्यासाठी साधले आहे. लेखनिकाच्या संक्षेपातून येणाऱ्या योगायोगाला त्याने कवितेचा कणा केले.

क्लेमां मारो (१४९६–१५४४) ह्याच्या काळापर्यंत छापखाना आला होता आणि संदिग्धता संपली. १५३२ च्या त्याच्या संग्रहातील रोंदोंमध्ये राँत्रमाँ हा निश्चित, मोजका शब्दसमूह आहे. नव्या ओळीच्या वाक्यात तो व्याकरणाने मिसळून जावा ही त्याची कसोटी. मारोकडे हे कौशल्य विपुल आहे, खोली क्वचित. १५४९ मध्ये द्यु बेलेने रोंदो, बालाद, व्हिर्ले ह्या सर्वांना भाषेची रुची बिघडवणारे मसाले ठरवून बाजूला सारले आणि सॉनेट व ओड ह्यांचा पुरस्कार केला. सतराव्या शतकात व्ह्वात्यूरने रोंदोला दिवाणखान्यातील खेळ म्हणून पुन्हा चालते केले. एकोणिसाव्या शतकात तेओदोर द बांव्हीलने १८७२ च्या आपल्या छंदोग्रंथात ह्याच घडणीच्या रोंदोची लक्षणे बांधली आणि तेथून तो इंग्रजीत गेला. (व्हिलानेल हा प्रकार ह्या मध्ययुगीन मालिकेत घालण्याची विद्यार्थ्यांत रूढ असलेली सवय चुकीची आहे, त्याचा आज परिचित असलेला साचा झां पासरा ह्याच्या सोळाव्या शतकातील एका कवितेवरून मागाहून घेतला गेला.)

ह्या परंपरेतून आलेला वाचक तेराव्या-चौदाव्या शतकाकडे वळतो तेव्हा त्याच्या मनात मारो-व्ह्वात्यूरचा रोंदो हा आदर्श असतो. त्या मापाने माशोचे संपूर्ण ध्रुवपद त्याला बाळबोध पुनरुक्ती वाटते आणि शार्ल दॉर्लेआंच्या चार ओळी एकीवर आणून छापणे त्याला कवीवर उपकार वाटतो. अलंकरणाचा आरोप येथून आला आहे. तो ज्या पाठांवरून केला जातो त्यांतील बरेचसे पाठ ध्रुवपदाला बोलूच देत नाहीत. वसंताचा तो रोंदो आजही अनेक पाठ्यसंग्रहांत तेरा ओळींचा आढळतो आणि ऊन त्यात एकदाच, चौथ्या ओळीत, पडते.